वाचकांचे प्रश्न : आठ महिने बेडूक असतात कुठे?

मृगाच्या सरी पडल्या की या सदराच्या टपालात बेडकांविषयीची पत्रे येऊ लागतात आणि पोळ्यापर्यंत येतच राहतात. यंदाच्या पत्रांतून निवडलेल्या काही प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिले उत्तर थोडे लांबले आहे, कारण पुढच्या बऱ्याच प्रश्नांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : पहिल्या मोठ्या पावसानंतर आमच्या भातखाचरात लिंबासारखे पिवळेजर्द, तळहाताएवढे दहा-पंधरा बेडूक दिसले. ओरडताना त्यांच्या गळ्याशी निळे फुगे येत होते. तिसऱ्या दिवशी एकही उरला नाही. शेजारी म्हणतात की हे विषारी असून कोठून तरी वाहत आले असावेत. ते आले कोठून आणि गेले कोठे?
— एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : ते वाहत आलेले नाहीत आणि कोठे गेलेलेही नाहीत. आपण वर्णन केलेला प्राणी म्हणजे आपल्याकडचा सर्वांत मोठा बेडूक, ‘इंडियन बुलफ्रॉग’ या नावाने ओळखला जाणारा होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस होय. एरवी तो शेवाळी किंवा मातकट रंगाचा असतो आणि चिखलात बसला, तर पाय पडेपर्यंत दिसत नाही. पावसाच्या पहिल्या जोरदार सरी कोसळल्या की नर हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या स्वरपिशव्या निळ्याशार दिसू लागतात. माद्या मात्र मळकटच राहतात. पिवळ्या रंगाचा विषाशी काही संबंध नाही. तो एक-दोन रात्रींपुरता ल्यालेला नवरदेवाचा पोशाख आहे. एकाच डबक्यात अनेक नर जमतात, एकमेकांना ढकलतात, एकमेकांच्या पाठीवर चढतात आणि या सगळ्या झोंबाझोंबीत माद्यांची निवड, मीलन व हजारो अंडी घालणे हे सारे फार थोड्या वेळात उरकले जाते. त्यानंतर रंग उतरतो. तेच बेडूक पुन्हा मातकट होऊन बांधाच्या गवतात जाऊन बसतात आणि आपण रोज त्यांच्या शेजारून जाऊनही त्यांना ओळखत नाही.

राहिला प्रश्न कोरड्या महिन्यांचा. दिवाळीनंतर जमीन वाळू लागली की हे बेडूक बांधातल्या भेगांत, खेकड्या-उंदरांच्या जुन्या बिळांत किंवा मऊ मातीत खोल शिरतात. तेथे शरीराचे सगळे व्यवहार मंदावतात, श्वासोच्छ्वास बराचसा त्वचेतूनच होतो आणि पावसाळ्यात साठवलेल्या चरबीवर दिवस काढले जातात. मूत्राशयातले पाणीही अनेक जाती पुन्हा शरीरात शोषून घेतात. स्फिरोथेका या गटातील गुबगुबीत बेडकांच्या मागच्या पावलांवर तर फावड्याच्या पात्यासारखा टणक उंचवटा असतो. हा बेडूक डोके खुपसून माती उकरत नाही. तो पाय आळीपाळीने हलवत, अंगाला हिसके देत, मागच्या मागे जमिनीत उतरतो, त्यामुळे शेवटी दिसेनासे होतात ते त्याचे दोन डोळे. नांगरट करताना ढेकळाखाली मातीच्याच गोळ्यासारखा बेडूक निघाल्याचा अनुभव अनेक शेतकऱ्यांना असेल. हे निरीक्षण नवे नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मंडूकसूक्तात सुकलेल्या तळ्यात पडून असलेल्या बेडकाला वाळलेल्या कातडी पखालीची उपमा दिली आहे आणि पाऊस पडताच व्रत संपलेल्या ब्राह्मणांप्रमाणे ते बोलू लागतात असे म्हटले आहे. वाळलेली पखाल ही उपमा त्या प्राण्याला हातात घेऊन पाहिल्याशिवाय सुचणार नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात यावी. ‘बेडूक पाण्यात राहतो’ हे शाळेत पाठ केलेले वाक्य आपल्याकडच्या बहुतेक जातींना लागू पडत नाही. तळे हे त्यांचे माहेर आहे, तेही बाळंतपणापुरते. बाकीचा संसार बांध, पाचोळा, झाडाची साल आणि जमिनीतली ओल यांत चालतो. बारमाही पाण्यात दिसतो तो मुख्यतः युफ्लिक्टिस, म्हणजे विहिरीच्या कडेला डोळे वर काढून तरंगणारा आणि चाहूल लागताच पाण्याच्या पृष्ठभागावरून टप्पे घेत जाणारा बेडूक. ‘कूपमंडूक’ हा शब्द ज्याने घडवला त्याने बहुधा यालाच पाहिले असावे, आणि त्या एकावरून सगळ्या जातीला बोल लावला असावा.

प्रश्न : आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर गेले दोन महिने एक फिकट तपकिरी बेडूक चिकटून बसलेला असतो. बाहेर सोडला तरी परत येतो. त्याचे काय करावे?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : काही करू नये, हे प्रामाणिक उत्तर आहे. हा झाडबेडूक पॉलिपेडेट्स मॅक्युलेटस असावा. चुना लावलेल्या भिंतींवर चढून बसण्याच्या सवयीमुळे इंग्रजांनी त्याला ‘चुनाम फ्रॉग’ असे नाव दिले; म्हणजे आपल्याच चुन्यावरून. त्याच्या बोटांच्या टोकांना चपट्या गोल गाद्या असतात आणि त्यांवरील ओलसर स्रावामुळे तो गुळगुळीत फरशीवरही सहज टिकून राहतो. बाहेर ऊन आणि वारा असताना न्हाणीघरात ओल, अंधार आणि दिव्यावर येणारे किडे या तिन्ही गोष्टी एका जागी मिळत असल्यामुळे तो परत येतो. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालच्या आणि मांड्यांच्या पातळ त्वचेतून ते शोषतो, त्यामुळे ओल्या भिंतीला पोट टेकून बसणे हेच त्याचे पाणी पिणे होय.

कोरड्या दिवसांत संधी मिळाली तर त्याचे एक काम अवश्य पाहावे. हा बेडूक त्वचेतून स्निग्ध स्राव सोडतो आणि मग पुढच्या-मागच्या पायांनी तो सर्व अंगावर पसरवतो. आधी डोके, मग पाठ, मग कुशी, अशा रीतीने सावकाश अंग पुसून झाले की पाय पोटाखाली ओढून घेतो आणि निश्चल बसतो. या लेपामुळे त्वचेतून उडून जाणारे पाणी कमी होते. आपण थंडीत अंगाला तेल लावतो, त्यातलाच हा प्रकार. मी हे प्रथम पाहिले तेव्हा त्याला काही लागले असून तो ते झटकतो आहे असे वाटले होते.

एकच काळजी घ्यावी : फिनेल किंवा ॲसिडने फरशी धुण्यापूर्वी त्याला ओल्या हाताने उचलून बाहेर कुंडीत ठेवावे. ज्या त्वचेतून तो पाणी घेतो त्याच त्वचेतून हे द्रवही आत जातात.

प्रश्न : विहिरीवर वाकलेल्या फांदीला साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा लटकलेला आहे. तो किड्यांचा समजून काढून टाकणार होतो. तो काय असावा?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : काढला नाही हे बरे झाले. ते झाडबेडकाचे घरटे आहे. ते वरच्याच उत्तरातील बेडकाचे असू शकेल किंवा आपल्या भागातील मलबारी उडत्या बेडकाचे, म्हणजे राकोफोरस मलबारिकसचे असेल. तो गर्द हिरवा असून त्याच्या बोटांमधले पडदे लालसर नारिंगी असतात आणि ते ताणून तो ९ ते १२ मीटरपर्यंत तरंगत खाली येऊ शकतो. मादी अंड्यांबरोबर एक चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो रवीने ताक घुसळावे तसा घुसळते. त्याचा फेस होतो. उडता बेडूक बहुधा भोवतालची पानेही त्यात चिकटवून घेतो. फेसाचा बाहेरचा थर वाळून पापडासारखा होतो आणि आतला ओला राहतो. त्यामुळे अंडी उन्हापासून आणि पाण्यातल्या माशांपासून सुरक्षित राहतात. काही दिवसांनी आतला फेस पातळ होतो आणि शेपटीची पिल्ले, ज्यांना शास्त्रीय मराठीत भैकेर म्हणतात, थेंबाथेंबाने खाली पाण्यात पडतात. घरट्याची जागा नेमकी पाण्याच्या वर असणे किती महत्त्वाचे आहे हे यावरून कळेल. विहिरीवर वाकलेली फांदी अडचणीची नसेल तर पावसाळा संपेपर्यंत छाटू नये.

प्रश्न : अंगावर फोड असलेला बेडूक हाताळल्याने चामखीळ येते का? आमच्या कुत्र्याने असा बेडूक तोंडात धरला आणि त्याच्या तोंडाला फेस आला.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चामखीळ एका विषाणूमुळे येते, बेडकाशी तिचा काडीचाही संबंध नाही. आपण म्हणता तो भेक, म्हणजे कोरड्या, खडबडीत कातडीचा डट्टाफ्रिनस मेलॅनोस्टिक्टस. त्याच्या डोळ्यांमागे दोन लांबट फुगीर ग्रंथी असतात आणि त्यांतून निघणारा दुधी स्राव खरोखर विषारी असतो. कुत्र्याच्या तोंडाला फेस आला तो त्यामुळे. अशा वेळी कुत्र्याचे डोके खाली करून तोंड वाहत्या पाण्याने धुवावे आणि त्याला पशुवैद्याकडे न्यावे. माणसाने भेक हाताळल्यास हात धुवावेत, डोळे चोळू नयेत, एवढे पुरे.

प्रश्न : लहानपणी आम्ही ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत घरोघर फिरायचो, तेव्हा काठीला कडुनिंबाच्या डहाळ्या आणि एक बेडूक बांधलेला असे. बेडूक ओरडला की पाऊस येतो, यात तथ्य किती?
— एक वाचक, यवतमाळ

उत्तर : थोडे आहे, पण क्रम उलटा आहे. हवेतली आर्द्रता वाढली की बेडकाची त्वचा ते लगेच जाणते आणि ओरडणे सुरू होते; अशी हवा पावसाआधी असतेच, म्हणून तासा-दोन तासांचा अंदाज अनेकदा खरा ठरतो. यंदा पीकपाणी कसे होईल हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. काठीला बांधलेल्या बेडकाचे मात्र उन्हात हालच होत असत, हे आता मान्य करायला हवे.

प्रश्न : रात्री शेताकडून अनेक प्रकारचे आवाज येतात. ते सगळे बेडकांचेच असतात का? आणि जवळ गेले की सगळे एकदम गप्प का होतात?
— एक वाचक, भोर

उत्तर : बहुतेक बेडकांचे, काही रातकिड्यांचे. पुस्तकातले ‘डराव डराव’ हे वर सांगितलेल्या मोठ्या बेडकाचे. कंगव्याच्या दात्यांवरून नख ओढावे तसा कर्रकर्र आवाज येत असेल तर तो मायक्रोहायला ऑर्नाटा; आवाजावरून मुठीएवढा वाटतो आणि शोधून काढला तर अंगठ्याच्या पेराएवढा निघतो. झाडावरून कोणी थांबून थांबून लाकडावर हातोडी मारल्यासारखे टक्-टक् करत असेल तर तो झाडबेडूक. सामान्यतः ओरडतात ते नर. प्रत्येक जातीची मादी आपल्याच जातीचा आवाज तेवढा टिपते, त्यामुळे एका डबक्याभोवती पाच-सहा जाती एकाच वेळी ओरडत असूनही गोंधळ होत नाही.

याला एक अपवाद आपल्या सह्याद्रीतलाच आहे. निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी, म्हणजे ‘बॉम्बे नाइट फ्रॉग’, हा ओढ्याकाठी राहणारा बेडूक पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या माद्याही आवाज देतात. शिवाय २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की त्याचा नर मादीला मिठी मारत नाही. तो तिच्या पाठीवर बसून हात पानावर टेकतो, तिच्या पाठीवर शुक्र सोडून निघून जातो आणि मादी त्यानंतर अंडी घालते. बेडकांमध्ये मीलनाच्या सहाच पद्धती ज्ञात होत्या, ही सातवी ठरली.

गप्प होण्याचे कारण असे की बेडकाला जमिनीतून येणारी कंपने फार चांगली जाणवतात, म्हणजे आपले पाऊल त्याला कानाआधी पायांनी कळते. बॅटरी विझवून पाच-दहा मिनिटे न हलता उभे राहावे. आधी एक कोणी तरी धीट बोलतो आणि मग सगळे सुरू होतात.

प्रश्न : आंबोलीला बेडूक पाहण्यासाठी जाणार आहोत. तेथे इतके काय विशेष आहे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : विशेष हे की तेथील काही बेडकांना तळे लागतच नाही. आंबोलीच्या जांभ्या कातळाच्या सड्यावर पावसाचे पाणी साचून चार बोटे खोल डबकी होतात. झँथोफ्राइन टायगेरिना, म्हणजे ‘आंबोली टोड’, हा लहानसा पिवळसर भेक पावसाळ्याच्या आरंभी अशाच डबक्यांत अंडी घालतो. याचे वर्णन २००९ साली झाले असून तो अतिसंकटग्रस्त मानला जातो. त्याचा भाऊबंद कोयना परिसरात आहे. जे डबके आपण बूट ओले होऊ नयेत म्हणून ओलांडून जातो किंवा ज्यात गाडी उभी करतो, तेच त्यांचे सूतिकागृह असते. इंडिराना गटातील भैकेर त्याही पुढचे : ते पाझरणाऱ्या उभ्या कातळावर पाण्याच्या पातळ पापुद्र्यात चिकटून राहतात आणि बोट जवळ नेले तर चक्क उडी मारतात. स्यूडोफिलॉटस आंबोली या झुडपी बेडकाने तर भैकेराची अवस्थाच गाळली आहे; त्याच्या अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो.

याच ओलीत देवगांडूळही भेटेल. बिनपायांचा हा प्राणी गांडूळ नाही आणि सापही नाही. तो बेडकांप्रमाणेच उभयचर आहे आणि निरुपद्रवी आहे. दुर्दैवाने साप समजून मारला जातो.

रात्री घाटरस्त्यावर गाडी सावकाश चालवावी, कारण पावसात हे सारे प्राणी रस्ता ओलांडत असतात. छायाचित्रासाठी बेडूक उचलून ‘चांगल्या’ पानावर बसवण्याची जी पद्धत अलीकडे बोकाळली आहे ती मला अजिबात पटत नाही. ज्या जागी तो बसला होता ती जागा हीच त्या छायाचित्रातली खरी माहिती असते.

प्रश्न : गोव्यात पावसाच्या सुरुवातीला बेडूक पकडून खातात. यावर बंदी आहे ना?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : होय. मोठा बेडूक वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला पकडणे, मारणे किंवा विकणे गुन्हा आहे. एके काळी भारतातून बेडकांच्या तंगड्या वर्षाला हजारो टन निर्यात होत; ही निर्यात १९८७ मध्ये बंद झाली. खाद्यगृहांत ‘जंपिंग चिकन’ या टोपणनावाने तो चोरून विकला जातो. पकडण्याची वेळ हे यातले सर्वांत मोठे नुकसान आहे : पहिल्या पावसात नर ओरडून स्वतःचा ठावठिकाणा सांगत असतात आणि माद्या अंड्यांनी भरलेल्या असतात, म्हणजे पोत्यात एक बेडूक गेला की पुढची पिढीही त्याच्याबरोबर जाते.

प्रश्न : आमच्या शेतात अस्तर घातलेले शेततळे आहे. पाणी भरपूर असूनही बेडूक वाढत नाहीत, उलट मेलेले आढळतात. डासांसाठी त्यात गप्पी मासेही सोडले आहेत. बेडूक यावेत म्हणून काय करावे?
— एक वाचक, फलटण

उत्तर : आपले शेततळे पिकासाठी उत्तम आणि बेडकासाठी सापळा आहे. प्लॅस्टिकचे अस्तर गुळगुळीत, काठ उभा. झाडबेडूक चढून येईल. पण भेक आणि जमिनीत राहणारे बेडूक आत पडले की निघू शकत नाहीत आणि पोहून पोहून थकून मरतात. प्रत्येक बाजूला दोन ठिकाणी काठावर खुंटी ठोकून काथ्याचा जाड दोरखंड किंवा शिवून जोडलेली गोणपाटे पाण्याच्या तळापर्यंत सोडावीत. पाणी खाली गेले तरी ती पोहोचली पाहिजेत, म्हणून लांबी भरपूर ठेवावी. सापाला आणि सरड्यालाही त्यांचा उपयोग होतो.

गप्पी मासे डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची अंडी आणि लहान भैकेरही खातात, त्यामुळे त्या तळ्यात पैदास होईल ही आशा सोडावी. त्याऐवजी शेताच्या सखल कोपऱ्यात, जेथे एरवीही पाणी साचून पीक पिवळे पडते अशा जागी, दहा-बारा फूट लांब-रुंद आणि मधोमध जेमतेम दीड फूट खोल असा उथळ खळगा करावा. काठ बशीसारखे उतरते ठेवावेत. अस्तर घालू नये, मासे सोडू नयेत. पाणी दोन-अडीच महिने टिकले तरी पुरे, कारण आपल्याकडच्या बहुतेक जातींचे भैकेर तेवढ्यात पाय फुटून बाहेर पडतात. उन्हाळ्यात खळगा आटला तर तो मुळीच भरू नये. आटणाऱ्या पाण्यात मासे टिकत नाहीत, हाच त्याचा गुण आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे खळग्यालगतचा पाच-सात हात बांध तणनाशक न मारता, न जाळता, गवत आणि पाचोळ्यासह तसाच ठेवावा. पहिल्या उत्तरात सांगितलेला आठ महिन्यांचा मुक्काम तेथेच व्हायचा आहे. बेडूक दुसरीकडून पकडून आणून सोडू नयेत. पहिल्या पावसाच्या रात्री बॅटरी घेऊन एक फेरी मारावी आणि कोणत्या कोपऱ्यातून आवाज येतो ते ऐकून ठेवावे. खळग्यासाठी पुढच्या वर्षीची जागा तीच.